कॉलेजात लैंगिक छळाची तक्रार कशी करायची: मुंबईतल्या विद्यार्थिनींसाठी पायरी-पायरीने

लैंगिक छळाच्या बऱ्याच तक्रारी चौकशी सुरू होण्याआधीच बाद होतात. कोणी एचओडींच्या कानावर घालून महिनाभर वाट बघते. कोणी परीक्षा आटपल्यावर अर्ज देते, तोवर मुदत उलटलेली असते. कोणी वेळेत अर्ज देते, पण पोच घेत नाही आणि पुढे 'असा अर्ज आलाच नाही' हे उत्तर ऐकून घरी येते. घडलेलं खरं असतं, कायदाही बाजूने असतो, तरी कागद कमी पडतो. म्हणून इथे कागदावर जास्त जोर दिला आहे.

दोन नावं आधी लक्षात ठेव. पहिलं, कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा, ज्याला सगळे 'पॉश' म्हणतात. दुसरं, विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यूजीसीचे २०१५चे विनियम, जे मे २०१६मध्ये राजपत्रात आले. तुझ्या कामाचा मुख्य आधार हे विनियमच, कारण विद्यार्थिनींचा विचार त्यांत थेट केला आहे. इंजिनीअरिंग आणि इतर तांत्रिक कॉलेजांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे म्हणजे एआयसीटीईचे २०१६चे विनियमही आहेत. कॉलेज अनुदानित आहे की खासगी, याने तुझ्या हक्कात फरक पडत नाही.

१. पहिल्या दोन दिवसांत लिहून काढ आणि पुरावा जप

आठवण ताजी आहे तोवर लिही. तारीख, वार, वेळ, जागा, कोण होतं, नेमके कोणते शब्द, कुठे हात लावला, तू काय म्हणालीस, नंतर कोणाला सांगितलंस. भाषा सुधारत बसू नकोस. घाणेरडे शब्द वापरले असतील तर तेच शब्द लिही, 'अश्लील बोलले' एवढ्याने चौकशीत काहीच हाती लागत नाही. लिहून झालं की स्वतःलाच ईमेल कर, म्हणजे तारखेची नोंद आपोआप राहते.

मोबाइलवरचा पुरावा सांभाळायच्या काही गोष्टी:

- स्क्रीनशॉटमध्ये नुसतं सेव्ह केलेलं नाव दिसून चालत नाही. काँटॅक्ट उघडून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट काढ.
- व्हॉट्सअॅप चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल कर. मधले चार मेसेज काढून उरलेले दाखवू नकोस, तुझी उत्तरंही राहू देत. अर्धवट चॅट समोरच्याच्या पथ्यावर पडतं.
- इन्स्टाग्रामवर युजरनेम बदलता येतं. म्हणून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव.
- एकदाच दिसणारा फोटो आला तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढ.
- ब्लॉक करायचं तर आधी सगळं साठवून मग कर.
- ज्या फोनवर मेसेज आले तो फोन फॉरमॅट करू नकोस, एक्स्चेंजमध्ये देऊ नकोस. प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते काम सोपं होतं.

कॉरिडॉर, लिफ्ट किंवा लॅबमध्ये सीसीटीव्ही असेल तर त्याच आठवड्यात लेखी मागणी कर: 'अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेतलं फुटेज जपून ठेवावं.' रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. फुटेज तुझ्या हातात देणार नाहीत, पण मागणीचा कागद असला की 'पुसलं गेलं' म्हणून हात वर करणं त्यांना जड जातं.

२. हे छळात बसतं का, आणि कॅम्पस कुठपर्यंत

कसोटी एकच: ते तुला नको होतं का. स्पर्श, लैंगिक मागणी, शेरे, अश्लील फोटो-व्हिडिओ दाखवणं, पाठलाग, रात्री-अपरात्री नको ते मेसेज, हे सगळं यात येतं. 'माझं ऐकलंस तर टर्मवर्कचं बघू' किंवा 'नाहीतर व्हायवाला भेटू' ही धमकीही छळच आहे, मग प्रत्यक्षात मार्क कापले असोत वा नसोत. तू त्या वेळी गप्प राहिलीस, हसून वेळ मारून नेलीस किंवा आधी मैत्री होती, म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

कॅम्पस म्हणजे नुसती इमारत नव्हे. हॉस्टेल, कँटीन, स्वच्छतागृह, पार्किंग, कॉलेजची बस, इंडस्ट्रिअल व्हिजिट, इंटर्नशिप, एनएसएसचं शिबिर, क्रीडा स्पर्धा हे सारं त्यात धरलं जातं. दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टिव्हलला गेली असताना काही घडलं, तर त्या प्रसंगापुरती तू यजमान कॉलेजची विद्यार्थिनी मानली जातेस, म्हणजे तक्रार तिथल्या समितीकडे करता येते. अॅडमिशनची प्रक्रिया चालू आहे, नाव अजून पटावर नाही, अशा मुलीलाही हेच संरक्षण आहे. छळ मुलाचा किंवा तृतीयपंथी विद्यार्थ्याचा झाला, तरी कॉलेजने कारवाई करावी असं विनियम सांगतात.

३. योग्य दार शोध

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. चौकशीचा अधिकार आहे तो अंतर्गत तक्रार समितीला, म्हणजे आयसीसीला. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत महिला विकास कक्षही असतो. तो व्याख्यानं, शिबिरं घेतो आणि कित्येकदा दोन्हींकडे त्याच मॅडम असतात. तरीही अर्जावर 'अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती' असंच लिही. मेंटॉर, एचओडी, शिस्तपालन समिती यांच्याकडे गेलेला अर्ज 'आम्ही समज दिली' इथेच थांबतो. सीनियर मुलांनी ज्युनियरला त्रास दिला असेल तर रॅगिंगविरोधी समितीकडे आणि आयसीसीकडे अशा दोन वेगळ्या तक्रारी करता येतात. रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

समितीची रचना तपासून घे, कारण पुढे त्यावरून चौकशी उलटवली जाते:

- अध्यक्ष महिला प्राध्यापक, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक आणि विद्यापीठात प्राध्यापक दर्जाच्या.
- दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी.
- प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, निवडून आलेले.
- महिला प्रश्नांवर काम करणारी, बाहेरची एक सदस्य.
- एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला.
- कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदावरचे लोक सदस्य नकोत.

नावं नोटीस बोर्डवर आणि वेबसाइटवर असायला हवीत. नसतील तर समिती स्थापनेच्या आदेशाची प्रत लेखी माग. एखाद्या सदस्याचं आरोपीशी नातं किंवा जवळीक असेल तर हरकत पहिल्याच बैठकीआधी नोंदव. निकाल लागल्यावर घेतलेली हरकत कोणी मनावर घेत नाही.

काही वेगळ्या परिस्थिती:

खासगी क्लासमध्ये प्रकार घडला तर यूजीसीचे विनियम लागू नाहीत, पण २०१३चा कायदा लागू आहे. पीडित महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे, अशी त्यात अट नाही. क्लासमध्ये दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यांची स्वतःची समिती हवी. कमी असतील, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे विसरू नकोस: माहीम-सायनपर्यंतचा भाग मुंबई शहर जिल्ह्यात, जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला, अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीसारखी उपनगरं मुंबई उपनगर जिल्ह्यात, कार्यालय वांद्रे पूर्वेला.

इंटर्नशिपला कंपनीतल्या माणसाने त्रास दिला तर कंपनीच्या समितीकडे तक्रार कर, कारण त्याला शिक्षा करणं तिच्याच हातात आहे. प्रत आपल्या कॉलेजच्या आयसीसीलाही दे.

अकरावी-बारावीची मुलगी, वय अठराच्या आत असेल, तर लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा लागतो. मुंबईत ज्युनियर आणि डिग्री कॉलेज एकाच इमारतीत असतात, म्हणून हे खास लक्षात ठेवायचं. गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं कॉलेजला बंधनकारक आहे. 'आपण आपसात मिटवू' म्हणणारे प्राचार्य स्वतःच कायदा मोडत असतात. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८.

लोकलमध्ये किंवा स्टेशनवर छळ झाला तर तो आयसीसीचा विषय नाही, लोहमार्ग पोलिसांचा आहे. नंबर १५१२. मात्र त्रास देणारा आपल्याच कॉलेजचा असेल तर आयसीसीलाही लिहून दे.

४. तीन महिन्यांचा हिशोब

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. प्रकार वारंवार होत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. प्रसंग १४ ऑगस्टचा असेल तर १३ नोव्हेंबरपर्यंत अर्ज आत गेलेला बरा. मधे गणपती, नवरात्र, सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, आणि 'पेपर होऊ देत' म्हणता म्हणता महिने सरतात. सुट्टीत कार्यालय बंद असलं तरी ईमेल चालतो.

मुदत उलटली तरी हातपाय गाळू नकोस. समिती लेखी कारण नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. अर्जातच वेगळा परिच्छेद घाल: उशीर का झाला. मार्क त्याच शिक्षकाच्या हातात होते, धमकी होती, तब्येत बिघडली होती, जे असेल ते. डॉक्टरचा कागद असेल तर जोड. आणि आधीचे, मुदतीबाहेरचे प्रसंगही शेवटच्या प्रसंगाच्या साखळीत जोडून लिही.

५. अर्ज लिहिणं

मराठीत लिही. जी भाषा तुझी आहे तीत तपशील अचूक येतो. लिहिणं जमत नसेल तर समितीने मदत करायची, असं विनियमच सांगतात. शारीरिक वा मानसिक स्थितीमुळे तू स्वतः तक्रार करू शकत नसशील तर मैत्रीण, नातेवाईक, सहकारी किंवा मानसशास्त्रज्ञ तुझ्या वतीने करू शकतात. निनावी पत्रावर चौकशी उभी राहत नाही, अर्जावर नाव लागतंच. पण ते नाव समितीबाहेर जाता कामा नये.

फरक कुठे पडतो ते बघ. 'सर माझ्याशी नीट वागत नाहीत आणि मला असुरक्षित वाटतं' या वाक्यावर उत्तर येतं: 'मी सगळ्यांशीच कडक वागतो.' त्याऐवजी असं:

'दि. १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार, दुपारी सुमारे ३.४० वाजता मी जर्नलवर सही घ्यायला तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये गेले. सरांनी दार लोटलं. जर्नल बघताना त्यांनी उजवा हात माझ्या कमरेवर ठेवला. मी मागे सरकले. ते म्हणाले, "एवढं काय, सही पाहिजे ना?" मी जर्नल तिथेच टाकून बाहेर आले. बाहेर बाकावर माझी वर्गमैत्रीण बसली होती, तिला मी लगेच सांगितलं. ३.५२ला मी आईला फोन केला.'

वार, मजला, हात कुठला, वाक्य कोणतं, लगेच कोणाला सांगितलं. ज्या साक्षीदाराने घटना पाहिली नाही पण तुला रडत बाहेर येताना पाहिलं, ती साक्षही मोलाची आहे. फोनच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोड. जे आठवत नाही तिथे 'नक्की आठवत नाही' असंच लिही. अंदाजाने भरलेली एक वेळ चुकीची ठरली की बाकी सगळ्यावर संशय घेतला जातो.

प्रत्येक प्रसंगाला वेगळा क्रमांक दे. शेवटी मागण्या लिही: चौकशी करावी, अंतरिम दिलासा द्यावा (पुढे बघ), ओळख गुप्त ठेवावी.

सोबत काय हवं:

- सही केलेला अर्ज. २०१३च्या कायद्याखालचे नियम सहा प्रती मागतात, स्वतःची धरून सात काढ
- ओळखपत्राची किंवा फी पावतीची प्रत
- स्क्रीनशॉट, चॅट, ईमेलच्या प्रिंट, क्रमांक टाकून. मूळ फाइल पेनड्राइव्हवर
- साक्षीदारांची नावं आणि पत्ते, त्यांना विचारून
- डॉक्टर किंवा समुपदेशकाचे कागद असतील तर
- आधी कोणाला लेखी कळवलं असेल तर त्याची प्रत

६. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

अर्ज बंद पाकिटात अध्यक्षांच्या हातात दे आणि आपल्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का घे. आवक खिडकीवर उघडा अर्ज देऊ नकोस. तो कितीजण वाचतील याचा नेम नाही. बंद पाकिटावर 'गोपनीय' लिहून पोच मिळते. टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्ही. 'आधी बसून बोलू या' असं कोणी म्हटलं तर बोलायला हरकत नाही, पण पोच घेतल्यावर.

७. अंतरिम दिलासा माग, न मागता मिळत नाही

मुलींना खरी भीती निकालाची नसते, रोजच्या वर्गाची असते. चौकशी चालू असताना त्याच माणसाकडे टर्मवर्क, त्याच्याच हातात ओरल. यासाठी विनियमांत सोय आहे आणि ती फार थोड्या जणी वापरतात, म्हणून हे सविस्तर.

समितीच्या शिफारशीवरून कॉलेजला हे करता येतं: आरोपीला तुझे पेपर, परीक्षा, कामाचं मूल्यमापन करण्यापासून थांबवणं; तुझी किंवा त्याची दुसऱ्या विभागात बदली; तुला तीन महिन्यांपर्यंत रजा, तीही तुझे लाभ आणि दर्जा कायम ठेवून; त्याला अंतर राखण्याची ताकीद आणि गरज पडली तर कॅम्पसबंदी. यांपैकी काय हवं ते विषयाच्या आणि परीक्षेच्या नावासकट लिही: 'पाचव्या सत्राच्या अमुक विषयाचं टर्मवर्क आणि ओरल दुसऱ्या परीक्षकांकडे द्यावं.' नुसतं 'संरक्षण द्यावं' म्हटलं की कोणी काही करत नाही.

बॅच बदलताना दर वेळी तक्रार करणाऱ्या मुलीलाच हलवलं जातं, हे सरळ चूक आहे. हरकत घे: 'बदल आरोपीच्या वेळापत्रकात करावा.' रजा मिळाली तर हजेरीचं काय, हे त्याच आदेशात लिहून घे, नाहीतर सत्राच्या शेवटी डिफॉल्टर यादीत नाव येतं. पीएच.डी. करणाऱ्यांनी मार्गदर्शक बदलण्याची मागणी करताना आजवरचा डेटा, सादरीकरणं, प्रगती अहवाल यांच्या प्रती आधीच आपल्याजवळ घ्याव्यात.

८. चौकशीत काय होतं

अर्जाची प्रत सात दिवसांत आरोपीकडे जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी ९० दिवसांत संपवायची. त्याच्या उत्तराची प्रत माग आणि मुद्देवार लेखी उत्तर दे.

दोन्ही बाजूंना वकील उभा करता येत नाही. वकिलाचा सल्ला घरी घेता येतो, आणि महिलांना विधि सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, नंबर १५१००. सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हवेत. आरोपीसमोर बसणं नको असेल तर लेखी प्रश्नांतून किंवा आडपडदा ठेवून उलटतपासणी घ्यावी, असा अर्ज दे. कपडे, मित्र, पूर्वायुष्य यावर प्रश्न आला तर उत्तर देण्याआधी 'हा प्रश्न आणि माझी हरकत नोंदवा' एवढंच म्हण.

जबाबाची प्रत वाचल्याशिवाय सही नाही. मराठीत बोललेलं इंग्रजीत टंकलं जातं आणि 'कमरेवर हात ठेवला' याचं नुसतं 'स्पर्श केला' होऊन जातं. दुरुस्ती हाताने करून शेजारी सही कर.

सबळ कारण न देता ओळीने तीन सुनावण्यांना गैरहजर राहिलीस तर समिती १५ दिवसांची नोटीस देऊन प्रकरण बंद करू शकते. तारखेच्या दिवशी पेपर असेल तर आदल्या दिवशी ईमेल कर.

आरोपीलाही बाजू मांडायची पूर्ण संधी मिळते, आणि ती मिळावी यात तुझंच हित आहे. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखांची बडतर्फी कायम ठेवणारा निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. समितीने शेवटच्या टप्प्यात घाईने बैठका उरकल्या, बचावाला पुरेसा वेळ दिला नाही, हे कारण. तक्रारी २००९च्या होत्या. तेव्हा समिती आरोपीला आठवडाभर जास्त देत असेल तर चिडू नकोस. ९० दिवसांची मर्यादा ओलांडली जात असेल तेव्हा मात्र लेखी विचार.

९. समेटाचा आग्रह झाला तर

समेटाची मागणी फक्त तक्रारदार करू शकते. समिती, प्राचार्य किंवा ट्रस्टी ती लादू शकत नाहीत. पैशांवर समेट करायला कायद्यात मनाई आहे.

'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल' हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे. कारवाई होते ती हेतू दुष्ट होता असं चौकशीत सिद्ध झालं तरच.

१०. अहवाल आणि अपील

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल कॉलेजच्या प्रमुखांकडे जातो आणि त्याची प्रत तुलाही मिळायला हवी. त्यांनी ३० दिवसांत कृती करायची. शिफारस मान्य नसेल तर कारण लेखी द्यावं लागतं. दोषी विद्यार्थ्याची लायब्ररी, हॉस्टेल, शिष्यवृत्ती बंद होऊ शकते, निलंबन किंवा नाव कमी होऊ शकतं. कर्मचाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. नुकसानभरपाईचीही तरतूद आहे.

विनियमांखाली अपील शिफारशीपासून ३० दिवसांत, कॉलेजच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे. २०१३च्या कायद्यात न्यायालय किंवा न्यायाधिकरणाकडे जायला ९० दिवस आहेत. नव्वदच्या भरवशावर राहून तीस हुकवणं ही नेहमीची चूक. कॉलेज समितीच नेमत नसेल किंवा अहवाल दाबून ठेवत असेल तर विद्यापीठ, यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आणि वांद्रे पूर्वेचा राज्य महिला आयोग इथे पोचेच्या प्रती जोडून लिही.

११. पोलिसांकडे केव्हा

आयसीसी आणि पोलीस हे दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. बळजबरी, पाठलाग, फोटो-व्हिडिओची धमकी असेल तर समितीसाठी थांबू नकोस. भारतीय न्याय संहितेत कलम ७४ विनयभंगाचं, ७५ लैंगिक छळाचं, ७७ चोरून बघण्या-चित्रण करण्याचं, ७८ पाठलागाचं, ७९ शब्द-हावभावांचं. या गुन्ह्यांत तुझी माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. 'हद्द आमची नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर माग, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, आणि एफआयआरची प्रत मोफत घे. नोंद घेतलीच नाही तर अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठव; त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तुला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे कॉलेजचं कर्तव्य आहे. एकटी जाऊ नकोस.

तातडीला ११२, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन १०३. ऑनलाइन छळासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टल. शारीरिक इजा असेल तर महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये जा; वांद्र्याच्या भाभासह काही हॉस्पिटलांत 'दिलासा' केंद्रं आहेत, तिथे उपचारांसोबत समुपदेशन मिळतं. पोलीस यंत्रणेत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे, तिथल्या समाजकार्यकर्त्या पोलीस ठाण्यात सोबत करतात. रात्री झोप येत नसेल, जेवण जात नसेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली मानस, १४४१६, मराठीतही बोलता येतं. तिथे बोललीस म्हणून तक्रार कमकुवत होत नाही.